ला इसाबेला : चार वर्षांचे नगर, पाच शतकांची वस्ती

डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या उत्तर किनाऱ्यावर, पुएर्तो प्लाता प्रांतातील लुपेरॉन पालिकेच्या हद्दीत, ला इसाबेला नावाचा एक छोटा म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट आहे. या देशात १५८ पालिका आणि त्यांच्या अखत्यारीत २३५ म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांतला हा एक. किनाऱ्यावर मासेमारी, आत गुरे, मका आणि केळीची शेती, मधून खळाळत समुद्राला मिळणारी बाहाबोनिको नदी. विस्तारात, उत्पन्नात किंवा लोकसंख्येत त्याचे नाव कुठल्याही यादीच्या वरच्या टोकाला सापडणार नाही. तरीही अमेरिका खंडातील नगरशासनाचा इतिहास लिहायला घेतला की पहिले पान याच गावाला द्यावे लागते. कोलंबसाच्या काळापासून युरोपीय लोकांनी या खंडात रीतसर वसवलेले पहिले नगर इथे उभे राहिले आणि त्या नगराचा कारभार पाहण्यासाठी नेमलेले पहिले मंडळही इथेच बसले.

संस्थेचा इतिहास बहुधा चढत्या क्रमाने लिहिला जातो. स्थापना, पहिले पदाधिकारी, अडचणी, मग स्वतःची इमारत, मग महोत्सव. ला इसाबेलाच्या बाबतीत तो क्रम जुळत नाही. इथली पहिली संस्था चार वर्षांत कोसळली, पुढे हा किनारा सरकारी हुकमाने ओस पाडला गेला आणि आज जी माणसे इथे राहतात त्यांचा त्या पहिल्या नगराशी रक्ताचा फारसा संबंध नाही. म्हणून हा इतिहास सांगताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो : त्या त्या काळी इथे माणसे कोण होती, आणि कारभार करणाऱ्यांनी त्यांतली कोणती मोजली?

२५ सप्टेंबर १४९३ रोजी कोलंबस काडिझहून १७ जहाजे घेऊन निघाला. बरोबर बाराशे ते पंधराशे माणसे होती : शिपाई, सुतार, गवंडी, शेतकरी, धर्मगुरू आणि सोन्याच्या आशेने आलेले बरेच दरबारी सरदारपुत्र. घोडे, गाई, डुकरे, मेंढ्या, गव्हाचे बी आणि कॅनरी बेटांवरून घेतलेले उसाचे बेणेही जहाजांवर होते. आदल्या वर्षी ला नाविदाद या लाकडी गढीत मागे ठेवलेली ३९ माणसे त्याला जिवंत भेटली नाहीत. गढी जळून गेली होती. दुसरी जागा शोधत ताफा पूर्वेकडे वळला. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडता झगडता जनावरे मरू लागली आणि जानेवारी १४९४ च्या सुरुवातीला, समुद्रावर झुकलेल्या एका सपाट खडकाळ पठारावर, सगळे उतरले. राणीच्या नावावरून नगराचे नाव ला इसाबेला ठेवले. ६ जानेवारीला फ्राय बेर्नार्दो बॉइल या धर्मगुरूने तिथे मिस्सा म्हटला.

जागेची निवड चुकली होती, असे माझे मत आहे. उत्तरेचा वारा थेट आत येतो, जहाजांना आडोसा नाही. पूर्वेला थोड्याच अंतरावर आजच्या लुपेरॉनचे खोल, चारी बाजूंनी झाकलेले बंदर आहे. चक्रीवादळाच्या दिवसांत कॅरिबियनमधली शिडाची जहाजे आजही तिथे आसरा घेतात. पण दमलेल्या ताफ्याला गोडे पाणी, बांधकामाचा दगड आणि सोन्याच्या सिबाव प्रदेशाकडे जाणारी वाट हवी होती. या तिन्ही गोष्टी इथे आहेत असे कोलंबसाला वाटले.

पहिल्या काही दिवसांतच जवळजवळ एक तृतीयांश माणसे आजारी पडली. ताफ्याबरोबर आलेले वैद्य दिएगो आल्वारेस चांका यांनी सेव्हिलला पाठवलेल्या पत्रात हे लिहून ठेवले आहे. पिंपे गळून दारू वाया गेली, खारवलेले मांस कुजले. तरी बांधकाम थांबले नाही. धान्याचे कोठार, दारूगोळ्याचे घर, चर्च, टेहळणीचा बुरूज आणि कोलंबसाचे निवासस्थान या पाच पक्क्या इमारती उठल्या. बाकीच्यांसाठी गवताने शाकारलेल्या सुमारे २०० झोपड्या. मिकेले दा कुनेओ हा इटालियन प्रवासी तेव्हा तिथे होता आणि त्याला त्या शिकाऱ्यांच्या खोपटांसारख्या वाटल्या. हात कमी पडू लागले तेव्हा कोलंबसाने सरदारपुत्रांनाही दगड वाहायला आणि दळणाला लावले. स्पेनमध्ये ज्यांनी कधी पाण्याचा हंडा उचलला नव्हता त्यांचा तो अपमान होता आणि पुढची सगळी भांडणे या रागातून वाढली. फेब्रुवारीतच बेर्नाल दे पिसा या सरकारी हिशेबनिसाचा जहाजे पळवून नेण्याचा कट उघडकीस आला.

३० जानेवारी १४९४ ची एक मोठी यादी उपलब्ध आहे. अंतोनियो दे तोरेस बारा जहाजे घेऊन स्पेनला परतणार होता. त्याच्या हाती राजाराणीसाठी दिलेले हे निवेदन. नगराला काय हवे ते त्यात ओळीने मांडले आहे : औषधे, बदाम, मध, कपडे, जोडे, जनावरे, खाणीत काम करणारे कसबी लोक. लावलेल्या उसाचे बेणे चांगले फुटले आहे, हेही त्यात आहे. अमेरिकेतल्या साखर उद्योगाची नोंद इथपर्यंत मागे जाते. ऊस पिकवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला ही ओळ वाचून थोडे थांबावेसे वाटेल. पण त्याच निवेदनात जनावरांची किंमत कशी फेडायची याचाही प्रस्ताव आहे : शेजारच्या बेटांवरचे कॅरिब लोक पकडून गुलाम म्हणून पाठवायचे. राजाराणीने त्यावर निर्णय लांबणीवर टाकला. नगराच्या पहिल्याच मागणीपत्रात माणूस विकायला निघाला होता, हे या संस्थेच्या इतिहासात झाकून ठेवता येत नाही.

२४ एप्रिल १४९४ रोजी क्यूबा आणि जमैकाच्या दिशेने निघण्यापूर्वी कोलंबसाने कारभार एका मंडळाकडे सोपवला. अध्यक्ष त्याचा भाऊ दिएगो. सदस्य फ्राय बॉइल, पेरो एर्नांदेस कोरोनेल, आलोन्सो सांचेस दे कार्वाहाल आणि हुआन दे लुहान. यांपैकी कार्वाहाल स्पेनमधल्या बाएसा नगराचा नगरसेवक होता, म्हणजे नगराच्या कारभाराचा खरा अनुभव असलेला माणूस. कोरोनेल फौजदाराच्या हुद्द्यावर होता. अमेरिकेतले पहिले नगरमंडळ म्हणून याच पाच जणांकडे बोट दाखवले जाते. त्यांना कोणी निवडून दिले नव्हते, आणि धान्य वाटणे, भांडणे मिटवणे व सोने जमा करणे यापलीकडे त्यांच्यापुढे काम नव्हते. तरी कायद्याने चालणारी नगरसंस्था घेऊन जायची आणि तिच्या नावाने भूमीवर हक्क सांगायचा, ही इबेरियन रीत त्या दिवसापासून समुद्रापार सुरू झाली. पुढे काही वर्षांतच पोर्तुगिजांनी गोव्यात लिस्बनच्या धर्तीवर सेनादो म्हणजे नगरसभा बसवली, तीही याच रीतीचा दुसरा फाटा.

मंडळाचा एकोपा काही महिनेच टिकला. सिबावमधल्या सांतो तोमास गढीवर नेमलेला पेद्रो मार्गारित आपल्या माणसांसह गावोगाव फिरून ताइनोंचे अन्न आणि बायका बळकावत होता. दिएगोने जाब विचारला तेव्हा मार्गारित आणि फ्राय बॉइल दोघे परवानगी न घेता जहाजे घेऊन स्पेनला निघून गेले. मंडळाचा एक सदस्यच पळाला, आणि मागे राहिलेल्या शिपायांना आवरणारे कोणी उरले नाही.

ताइनो हे या बेटाचे मूळ रहिवासी. कसाव्हा आणि मका पिकवणारे, सूत कातणारे, चेंडूच्या मैदानाभोवती गावे वसवणारे. त्यांची संख्या तेव्हा किती होती यावर अभ्यासकांचे अंदाज काही दहा हजारांपासून दहा लाखांच्या पुढपर्यंत पसरलेले आहेत. पण ला इसाबेलाच्या कारभाऱ्यांनी त्यांना मोजले ते दोनच वेळा, आणि दोन्ही वेळा घेण्यासाठी.

पहिली वेळ फेब्रुवारी १४९५. लढाईत धरलेले सुमारे १६०० ताइनो स्त्रीपुरुष ला इसाबेलात आणले गेले. त्यांतले ५५० धडधाकट निवडून चार जहाजांत भरले आणि स्पेनच्या बाजारात पाठवले. वाटेत २०० च्या आसपास मेले व त्यांना समुद्रात टाकले गेले. उरलेल्यांपैकी ज्याला जितके हवे तितके वसाहतकऱ्यांनी घरी नेले. शेवटी चारशेएक जणांना जा म्हणून सांगितले तेव्हा बायका अंगावरची तान्ही मुले जमिनीवर टाकून डोंगराकडे धावत सुटल्या, असे कुनेओ लिहितो. तो त्यांचा कैवारी नव्हता, आणि म्हणूनच त्याची साक्ष जास्त बोचते.

दुसरी वेळ त्याच वर्षीच्या करवसुलीची. सोन्याच्या प्रदेशातल्या चौदा वर्षांवरील प्रत्येक ताइनोने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधायच्या घुंगराएवढे सोने आणून द्यायचे. इतरत्र एक आरोबा, म्हणजे साधारण साडेअकरा किलो कापूस. भरणा केल्याची खूण म्हणून गळ्यात धातूचा बिल्ला. नद्यांच्या वाळूत इतके सोने नव्हतेच. लोकांनी शेते सोडली, काहींनी स्वतःची कसाव्हाची पिके उपटून टाकली, या आशेने की अन्न नसले तर हे परके निघून जातील. दुष्काळ दोन्हींकडे पसरला, पण मेले जास्त ताइनो. पुढच्या मोजण्यांतून उतरण दिसते : १५०८ मध्ये बेटावर सुमारे ६० हजार, १५१४ च्या वाटपाच्या यादीत सुमारे २६ हजार. आणि देवीची मोठी साथ त्यानंतर, १५१८ च्या अखेरीस आली. म्हणजे साथ येण्याआधीच बेट निम्म्याहून अधिक रिकामे झाले होते.

ला इसाबेलाचा शेवट वेगाने झाला. १४९५ च्या वादळांत बंदरातली जहाजे बुडाली. त्यांच्या मोडतोडीतून इथेच एक छोटे जहाज बांधले गेले. त्याला लोक इंडिया म्हणत. युरोपीय पद्धतीने अमेरिकेत बांधलेले हे पहिले जहाज. त्यातून आणि निन्या या जहाजातून १० मार्च १४९६ रोजी कोलंबस स्पेनला गेला. बरोबर घर गाठायला उतावीळ झालेले सव्वादोनशे वसाहतकरी होते. मागे राहिलेल्या बार्तोलोमे या त्याच्या दुसऱ्या भावाने दक्षिण किनाऱ्यावर सांतो दोमिंगोची उभारणी सुरू केली. ला इसाबेलात न्यायाधीश म्हणून ठेवलेल्या फ्रान्सिस्को रोल्दानने १४९७ मध्ये बंड केले, कोठार फोडले आणि राजाची गुरे मारून खाल्ली. कायदा राखायला नेमलेल्या माणसानेच कुलूप तोडले. १४९८ पर्यंत नगर ओस पडले होते.

इतिहासकार बार्तोलोमे दे लास कासास यांनी नंतर एक ऐकीव गोष्ट नोंदवली आहे. ओसाड ला इसाबेलात दोन माणसांना सरदारी वेशातले लोक ओळीने उभे दिसले. नमस्कार केल्यावर त्यांनी शिरस्त्याप्रमाणे टोप्या उतरवल्या, आणि टोप्यांबरोबर त्यांची मुंडकीही उतरली. उपाशी मेलेल्या दरबाऱ्यांची ही कथा त्या काळच्या लोकांना खरी वाटावी यात नवल नाही. पण भुतांच्या ओळीतही ताइनो नाहीत, हे माझ्या लक्षात येते आणि खटकते.

जमिनीने मात्र जास्त सांगितले. १९८० आणि १९९० च्या दशकांत होसे मारिया क्रुशेंत आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या कॅथलीन डीगन यांनी इथे दीर्घ उत्खनन केले. वीट-कौले आणि भांडी भाजण्याची भट्टी खाडीपलीकडे लास कोलेस इथे सापडली. नगरातल्या घरांत युरोपीय भांडी भरपूर आणि ताइनो भांडी मोजकी निघाली. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटतो : ही माणसे परक्या भूमीत अट्टाहासाने स्पेनसारखेच जगू पाहत होती, इथले अन्न, इथली घरे, इथली माणसे त्यांनी शिकून घेतली नाहीत. स्मशानातल्या सांगाड्यांवर ताज्या फळाभाजीच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगाच्या खुणा आढळल्या, आणि तेही पेरूच्या देशात. काही दातांच्या रासायनिक तपासणीवरून वसाहतीत आफ्रिकेत वाढलेली माणसेही असावीत असे मांडले गेले. सोने-चांदी मिळाल्याचा पुरावा म्हणून वाटलेल्या शिशाच्या खनिजाची तपासणी झाली तेव्हा ते स्पेनमधूनच आणलेले निघाले. शेवटच्या दिवसांत कोणीतरी त्यातून चांदी काढून पाहिली होती.

या अवशेषांचेही हाल झाले. समुद्राने पठाराची कड खाल्ली आणि कोलंबसाच्या घराचा एक भाग पाण्यात गेला. विसाव्या शतकातल्या त्रुहियोच्या हुकूमशाहीत, परदेशी पाहुणे येणार म्हणून जागा साफ करण्याचा आदेश निघाला आणि एका उत्साही अधिकाऱ्याने बुलडोझर फिरवून बरेच काही समुद्रात ढकलले, असे आजही सांगितले जाते. उरलेला भाग आता संरक्षित उद्यान आहे. एल कास्तियो या गावाजवळ तिथे एक छोटे संग्रहालय आहे आणि जवळच्या टेकडीवर पहिल्या मिस्साच्या पाचशेव्या वर्षाच्या निमित्ताने बांधलेले तेंप्लो दे लास अमेरिकास हे चर्च उभे आहे.

नगर गेल्यावर हा किनारा चोरट्या व्यापाराचा झाला. सांतो दोमिंगोला न विचारता इथली माणसे डच, फ्रेंच आणि पोर्तुगीज जहाजांना गुरांची कातडी विकत आणि त्यांच्याकडून कापड घेत. १६०५-०६ मध्ये गव्हर्नर अंतोनियो दे ओसोरियोने राजाज्ञेने उत्तर किनाऱ्यावरची गावे जाळली आणि लोकांना राजधानीजवळ हलवले. पुएर्तो प्लाता आणि मोंते क्रिस्ती इथल्या लोकांचे मिळून मोंते प्लाता झाले. विरोध करणाऱ्यांना फाशी झाली. मागे सुटलेली गुरे रानटी झाली आणि त्यांच्या मागे शिकारी आणि चाचे आले. ताइनोंनंतर हा प्रदेश दुसऱ्यांदा रिकामा झाला, आणि या वेळी निर्णय घेणारे शेकडो कोस दूर होते.

आजच्या वस्तीचे बीज अठराव्या शतकातले आहे. स्पेनने कॅनरी बेटांवरून कुटुंबे आणून पुएर्तो प्लाता आणि मोंते क्रिस्ती पुन्हा वसवली. गुराखी आणि छोटे शेतकरी हळूहळू खोऱ्यांत पसरले. हैतीच्या राजवटीत, १८२२ मध्ये, गुलामगिरी संपली. त्यानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आलेली मुक्त आफ्रिकन कुटुंबेही पुएर्तो प्लातात उतरली. आफ्रिकन, कॅनेरियन आणि, जनुकांच्या अभ्यासांतून दिसते त्याप्रमाणे, ताइनो वारसाही आजच्या डोमिनिकन माणसात आहे. ज्यांना यादीतून संपवले ते रक्तातून संपले नाहीत.

विसाव्या शतकात या किनाऱ्याने पुन्हा बंदुकांचे आवाज ऐकले. १९ जून १९४९ रोजी त्रुहियोविरुद्ध लढायला निघालेल्या निर्वासितांचे एक कॅटालिना विमान लुपेरॉनच्या खाडीत उतरले. मोहीम चिरडली गेली. दहा वर्षांनी, २० जून १९५९ रोजी, मायमोन आणि एस्तेरो ओंदो इथे बोटींतून तरुण उतरले. त्यांतले जवळजवळ सगळे मारले गेले. ही दोन्ही ठिकाणे ला इसाबेलाच्या डाव्या-उजव्या हाताला आहेत.

देशाची पहिली राष्ट्रीय जनगणना १९२० ची. ८,९४,६६५ लोक मोजले गेले. तीही अमेरिकी लष्करी राजवटीने घेतलेली. २०१० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ९४,४५,२८१ होती आणि पुएर्तो प्लाता प्रांताची ३,२१,५९७. २०२२ मध्ये देश १,०७,७३,९८३ वर पोहोचला. ही वाढ राजधानीत आणि पूर्वेकडच्या पर्यटनपट्ट्यात एकवटली आहे. ला इसाबेलासारख्या ग्रामीण भागांतले तरुण सांतियागो, सांतो दोमिंगो किंवा न्यूयॉर्कची वाट धरतात. डिस्ट्रिक्टसाठी हा जिवाचा प्रश्न आहे, कारण सरकारी निधीच्या वाटपात लोकसंख्येला वजन असते. २००३ च्या १६६-०३ क्रमांकाच्या कायद्याने राष्ट्रीय महसुलाचा १० टक्के वाटा स्थानिक संस्थांना ठरवून दिला. तो पूर्ण कधीच हातात पडत नाही, ही सगळ्या पालिकांची जुनी तक्रार आहे.

१७ जुलै २००७ रोजी जारी झालेल्या १७६-०७ क्रमांकाच्या पालिका कायद्याने म्युनिसिपल डिस्ट्रिक्टची आजची घडी बसवली. एक संचालक आणि त्याच्यासोबत वोकालेस म्हणून ओळखले जाणारे काही सदस्य, मिळून जुंता. आपल्याकडच्या सरपंच आणि पंचांच्या जवळ जाणारी ही रचना आहे. कचरा, रस्त्यावरचे दिवे, स्मशान, बाजार, गावातले रस्ते ही तिची कामे. कर्ज काढणे किंवा मालमत्ता विकणे यांसारख्या मोठ्या गोष्टींसाठी वरच्या पालिकेची मंजुरी लागते. सगळ्यात अलीकडची निवडणूक १८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. दिएगो कोलंबसाच्या मंडळाशी तुलना केली तर हाती पैसा आणि अधिकार दोन्ही थोडे आहेत. पण या जुंताला इथे राहणाऱ्या माणसांनी मते दिली आहेत, आणि माझ्या लेखी ला इसाबेलाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना तीच.

अमेरिकेतले पहिले नगर ही पदवी १४९८ मध्ये संपलेल्या वस्तीची आहे. तिच्याबद्दल पुस्तके झाली, उत्खनने झाली. अठराव्या शतकापासून इथे नांगर धरणाऱ्या, जाळी विणणाऱ्या, दुसऱ्या शहरांत आणि देशांत गेलेल्या कुटुंबांचा इतिहासही तितक्याच काळजीने लिहिला गेला पाहिजे. जुंताच्या सदस्यांनी आणि गावातल्या शिक्षकांनी तो वृद्धांच्या आठवणींपासून लिहायला घ्यावा, आणि त्यात आधी उतरवावीत ती आज इथे राहणाऱ्या माणसांची नावे.